सेंट हॅलम विमानतळ, सुधारित आवृत्ती

मंगळवार, ६ मे

पोचले एकदाची! नऊ जणांचं विमान, त्यात आम्ही चौघं, बाकी कोबीची खोकी आणि कुणाचं तरी वॉशिंग मशीन. वैमानिकाने मला पुढे, त्याच्या शेजारी बसवलं. सेंट हॅलम बेटावर आम्ही दोन घिरट्या घातल्या, कारण धावपट्टीवर वीसेक वॉलबी, म्हणजे छोटे कांगारूच, निवांत चरत होते आणि एक म्हातारा पिकअप गाडीतून भोंगा वाजवत, खिडकीबाहेर हात काढून शिव्या देत त्यांना हाकलत होता. शिव्या ऐकू येत नव्हत्या, पण हातवाऱ्यांवरून कळत होत्या. मी इतकी हसले की वैमानिकही हसायला लागला.

सहा वर्षं मी विमानतळ बनवतेय आणि त्यातल्या एकावरही आजवर पाय ठेवलेला नाही. जिलाँगच्या माझ्या खोलीत बसून, उपग्रहाचे फोटो बघून, तीन बेटांचे तीन विमानतळ बनवले. घरच्या कॉम्प्युटरवर विमान उडवायचा नाद असलेली मंडळी आमची ही सीनरी विकत घेतात आणि कामावरून आल्यावर तिथे विमान उतरवून खूश होतात. मागच्या वेळी त्यांनीच तक्रार केली, की बनवणारी बाई जागेवर गेलेली दिसत नाही. म्हणून आमचा साहेब, पर्थचा ग्रेडन पाइक, नाक मुरडत का होईना, मला तीन आठवडे इकडे पाठवायला तयार झाला.

मुक्काम नोरीन हॅडलोकडे. वय एकाहत्तर, काटक, तोंडाने फटकळ. मी अहोजाहो करायला लागले तर म्हणाली, की ते चर्चमध्ये कर, इथे नुसतं नोरीन. धावपट्टीच्या दक्षिण टोकाला एक गल्ली आहे, सहा घरांची, आणि तिचं घर अगदी शेवटचं. विमान उतरताना छपरावरून इतक्या खालून जातं की कपाटातल्या बश्या वाजतात. विमान येतं मंगळवारी आणि गुरुवारी. त्या दिवशी नोरीन विमानतळावर चहाचं टेबल लावते. रात्री तिने केलेली स्कॅलप-पाय, म्हणजे शिंपल्यांचं सारण भरून भाजलेली पेस्ट्री, खाल्ली, दोनदा मागून. मला इथे फार आवडणार आहे.

गुरुवार, ८ मे

दिवसभर फोटो. विमानतळ म्हणजे पत्र्याची एक लांब शेड, प्रवाशांचं वजन करायला जुना काटा, इंधनाची टाकी, वाऱ्याची दिशा दाखवणारा नारिंगी कापडी पायमोजा. मी कचऱ्याच्या डब्याचे अकरा बाजूंनी फोटो काढले, तर तो वॉलबी हाकलणारा म्हातारा येऊन विचारू लागला, की डब्याचं लग्न ठरलंय का, स्थळाला फोटो पाठवायचेत का. त्याचं नाव क्लेम बार्विक. विमानतळाचा अग्निशामक, झाडूवाला, सामान उचलणारा, सगळं तोच. कुंपणाला लागून त्याची हिरवी शेड आहे, त्यात तो चौदा वर्षं एक लाकडी होडी बांधतोय. होडी शेडच्या दारातून बाहेर निघणार नाही हे त्याला नवव्या वर्षी कळलं. पण आता शेड पाडायची की होडी तोडायची, यावर बेटावर दोन तट आहेत.

त्याला माझं काम समजावून सांगितलं. खेळात सगळी पृथ्वी आधीपासून असते, पण ती कॉम्प्युटरने अंदाजपंचे भरलेली असते. जिथे घर असेल असं वाटलं तिथे खेळाच्या तयार साठ्यातलं कुठलंही घर, जिथे माणूस हवा तिथे साठ्यातला माणूस. म्हणून आम्ही काम सुरू करताना नकाशावर आधी एक चौकोन ओढतो. चौकोनाच्या आत जे असेल ते पुसलं जातं. मग त्या रिकाम्या जागेत हाताने बनवलेलं खरंखुरं ठेवायचं. क्लेमने विचारलं, की मग मी पण असणार का त्यात. म्हटलं, असणार, भोंग्यासकट.

सोमवार, १२ मे

ग्रेडनचा मेल. टाळकं सटकलं आहे.

म्हणतो, सहा दिवस झाले आणि दाखवायला काय, तर एक कचऱ्याचा डबा. म्हणतो, होडी कोण बघणार आहे? आमच्याकडे त्याचा एक नियम आहे: वैमानिकाच्या खिडकीतून जे दिसत नाही ते बनवायचं नाही. भिंतीची मागची बाजू नाही, घराच्या आतलं काही नाही. नुसतं कवच. मला हा नियम सहा वर्षं पाठ आहे आणि हा माणूस तो मला दर मेलमध्ये नव्याने शिकवतो. स्वतः कधी एक खुर्चीसुद्धा बनवलेली नाही.

त्या तिरमिरीत बसले आणि विमानतळावर चौकोन ओढला. मोठाच ओढला. आम्ही सगळे तसाच ओढतो, कडेकडेने नीट मोजत कोण बसणार! क्लेमची शेड आणि तीन पाइनची झाडं त्यात आली. नंतर हाताने ठेवीन. फाइल पाठवून दिली आणि समुद्रावर जाऊन लाटांवर दगड मारत बसले.

मंगळवार, १३ मे

आज विमानाने चार घिरट्या घातल्या. वॉलबी हाकलायला कुणी नव्हतं. वैमानिकानेच खालून विमान नेऊन त्यांना उधळलं आणि मग उतरला.

क्लेमची शेड नाही. पाडलेली नाही, जळलेली नाही. नाहीच. तिथे गवत आहे, गुडघ्याएवढं, वर्षानुवर्षांचं. पाइन नाहीत, बुंधे नाहीत. नोरीनला विचारलं तर म्हणाली, कोण क्लेम?

मला वाटलं, शहरातून आलेल्या बाईची गंमत चालली आहे. मी पण हसले. मग दुकानात विचारलं, वैमानिकाला विचारलं. कुणाचाही चेहरा हसू दाबणारा नव्हता. कॅमेऱ्यात क्लेमचे नऊ फोटो होते. नऊही आहेत. नऊही फोटोंत गवत आहे.

या वहीत मात्र तो आहे. गुरुवारचं पान मी तीनदा वाचलं. शाईने लिहिलेलं ते तसंच आहे, होडीसकट.

गुरुवार, १५ मे

मी चौकोन काढून टाकला. दुसरं काय करणार होते? पुसलेलं परत येईल म्हणून काढला.

परत आलं. साठ्यातलं आलं. हिरव्या शेडच्या जागी लाल विटांचं गोदाम उभं आहे. या बेटावर विटा कधी आल्याच नाहीत, इथे सगळं लाकूड आणि पत्रा. दार आहे, पण ते भिंतीवर रंगवलेलं आहे. मी हात लावून पाहिला.

आणि क्लेम आला. पिवळं जाकीट, डोक्यावर हेल्मेट, चेहरा गुळगुळीत. त्या माणसाला मी ओळखते, हा खेळ खेळणारे सगळेच ओळखतात. जगातल्या प्रत्येक विमानतळावर खेळ तोच उभा करतो. हात वर करतो, मनगटाकडे बघतो, एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतो. अकरा सेकंद. मग पुन्हा हात वर.

नोरीनने त्याला चहा दिला. कप त्याच्या पायाशी ठेवला, निघताना थंडगार तसाच उचलला. मी विचारलं, हा कोण? तिने माझ्याकडे अशी नजर टाकली, की मीच बिचारी. म्हणाली, क्लेमच की, तो जरा घुमाच आहे पहिल्यापासून.

घुमा! कचऱ्याच्या डब्याचं लग्न लावणारा माणूस!

हे मी केलंय. मेलच्या रागात, कडा न बघता.

शुक्रवार, १६ मे

झोप नाही. सारखा तोच हिशेब डोक्यात. मागचे तीन विमानतळ, मी जिलाँगला बसून बनवलेले. किती चौकोन ओढले त्यांच्याभोवती? मोजले होते का कधी? एका बेटावर तर अख्खा किनारा घेतला होता, नंतर तिथे साठ्यातले माड लावायचं ठरलं होतं, तेही राहून गेलं. त्या किनाऱ्यावर काय होतं, हे आता मला कोण सांगणार? तिथे कुणाला आठवतच नसेल.

ग्रेडनला फोन केला आणि सगळं सांगितलं. तो आधी हसला, मग म्हणाला, की खारी हवा लागलीये तुला, दोन दिवस झोप काढ. आणि त्याच दमात कामाचं बोलला. फाइल तपासणाऱ्यांची तक्रार आहे, दक्षिणेकडून उतरताना कॉम्प्युटर अडखळतो. तिथली गल्ली जड होतेय. सहा घरं आणि त्यांची परसं उडवायची.

मी म्हटलं, तिथे माणसं राहतात. मी तिथे राहते.

तो म्हणाला, उतरताना वैमानिक धावपट्टीकडे बघतो, गल्लीकडे नाही.

मी नाही म्हटलं. ओरडून म्हटलं, नोरीन परसातून धावत आली इतकं. तर तो शांतपणे म्हणाला, की हरकत नाही, फाइल माझ्याकडेही आहे, तेविसाव्या तारखेला सुधारित आवृत्ती निघतेय, तेव्हा मीच करतो. दात घासणार आहे असं सांगावं, त्या आवाजात.

तळपायाची आग मस्तकात गेली आहे. खेळ अडखळू नये म्हणून या माणसाला नोरीनच्या घरापेक्षा पडद्यावर सेकंदाला चार चित्रं जास्त हवीत.

सोमवार, १९ मे

ठरवलं आहे. ग्रेडनने पुसायच्या आत सगळं हाताने बनवून ठेवायचं. साठ्यातलं काही येता कामा नये. आलीच तर नोरीन नोरीनच यायला हवी.

दोन दिवस तिचे फोटो काढतेय. ती वैतागली आहे. म्हणाली, तरुण होते तेव्हा हा कॅमेरा कुठे तडमडला होता? मी तिच्या कोपरावरचा डाग, स्वेटरचा निसटलेला टाका, डाव्या भुवईतला व्रण, सगळं टिपलं. व्रण कशाचा विचारलं तर म्हणाली, नवऱ्याने विहिरीचं झाकण उघडं ठेवलं होतं, आणि त्याला तिने त्याबद्दल कधी माफ केलं नाही, तो मेला त्या दिवशीसुद्धा. हे सांगून ती मोठ्याने हसली. हे हसणं कुठे ठेवू मी? त्याला कुठली बाजू आहे?

आधी एक प्रयोग करायला हवा होता. माणसावर कसा करणार? परसात पावसाच्या पाण्याची टाकी आहे, ती घेतली. पोचे, गंज, पत्र्यावर कुणीतरी कोरलेलं १९८३, सगळं बनवलं. सहा वर्षांत इतकं चांगलं काम केलेलं नाही. दुपारी टाकीभोवती चौकोन ओढला, या वेळी घट्ट, आणि आत माझी टाकी ठेवली.

मंगळवार, २० मे

टाकी आहे. हुबेहूब. जवळ जाऊन पाहिलं तरी फरक कळत नाही.

नळ फिरत नाही. तो टाकीलाच चिकटलेला आहे. मी टाकीवर हात मारला, आवाज आला नाही. आत पाणी नाही. आत आतसुद्धा नाही.

नोरीन बादल्या घेऊन निघाली होती. म्हणाली, ती टाकी शोभेची गं, मी तर लग्न होऊन आले तेव्हापासून पहिल्या घरच्या डनांकडून पाणी आणते. एकाहत्तर वर्षांची बाई, दोन्ही हातांत बादल्या, गल्लीच्या पार त्या टोकापर्यंत. आणि तिला वाटतं, हे असंच चालत आलंय.

मी बादल्या घेतल्या तर ओरडली. मी परसात बसून रडले. मग रडण्याचा राग आला. मग नोरीनची फाइल उघडली, तीन दिवसांचं काम, आणि पुसून टाकली. तशी नोरीन मला नको.

बुधवार, २१ मे

सगळं सांगितलं तिला. स्वयंपाकघरात, समोर बसवून. क्लेम कोण होता, होडी, टाकी, शुक्रवार. म्हटलं, उद्याच्या विमानाने चल माझ्याबरोबर. घर गेलं तरी तू राहशील.

तिने सगळं ऐकलं. मग चिडली. इतकी चिडलेली मी तिला पाहिली नव्हती. म्हणाली, कुठल्या तरी बाप्याच्या खेळण्यासाठी मी माझं घर सोडू? वादळात नाही सोडलं, नवरा गेल्यावर नाही सोडलं. त्याला म्हणावं, ये इथे आणि समोर उभा राहून पूस.

मीही ओरडले. म्हटलं, तो येत नाही म्हणूनच तर हे असं होतं! कुणीच येत नाही!

ती उठली आणि भांडी घासायला लागली, डनांकडच्या पाण्याने.

गुरुवार, २२ मे

विमान आलं आणि गेलं. मी गेले नाही.

ग्रेडनला सकाळी तीन मेल केले. विनवण्या केल्या, माझीच मला लाज वाटावी इतक्या. त्याचं उत्तर एका ओळीचं: नाटकं पुरे.

मग मी नकाशा पर्थवर नेला. त्याच्या घराचा पत्ता माझ्याकडे होता. पांढरी गाडी, निळं छप्पर, मागे अंगणात दोरीवर कपडे वाळत होते. लहान कपडेही होते. मी पाहिलं. पाहिलं आणि तरी—

चौकोन ओढला. घट्ट, कुंपणाच्या आतून, शेजाऱ्याच्या झाडाला धक्का न लावता. आयुष्यात पहिल्यांदा नीट मोजून.

एकदाही थांबले नाही. मी इतकी चिडलेली होते.

संध्याकाळी

मेल आला. खाली सही वेरिटी स्ट्रोन. लिहिते, की आपलं शुक्रवारी फोनवर बोलणं झालंच आहे, सुधारित आवृत्ती उद्या सकाळी दहाला. आता फाइलवर फक्त आमचा ताबा राहील. घरं एकदम काढत नाही, एकेक काढून बघते कॉम्प्युटर किती सुधारतो ते. आणि मेलच्या शेवटी: नाटकं पुरे.

तेच शब्द. खुर्ची तीच, बसणारी वेगळी. ग्रेडन पाइक कोण, हे आता फक्त मला माहीत आहे. आणि ते लहान कपडे कुणाचे होते, ते मलाही माहीत नाही.

शुक्रवार, २३ मे

दहा वाजून पाच. खिडकीशी बसले आहे, टेबलावर वही. फाइल उघडत नाही. वेरिटी फोन घेत नाही. नोरीन चहा करतेय.

शाईने लिहिलेलं राहतं. क्लेम राहिला. म्हणून नावं लिहून ठेवते, वरच्या टोकापासून. पहिलं घर रोलंड आणि मेव्ह डन. मेव्ह नोरीनला पाणी देत असे. दुसरं ओथिली टॉलिव्हर, जिची मेंढी रोज आमच्या दारात—

डनांचं घर गेलं. आत्ता. मी बघत होते. आवाज नाही, धूळ नाही.

मेल: आता जरा बरंय, अजून एक काढते.

टॉलिव्हर गेली. मेंढीही.

तिसरं आयव्हर क्रेल, बासरी वाजवायचा, बेसूर. चौथं लॉरी आणि फिन ब्रॅनॉक, नवीन लग्न, दाराला अजून अर्धाच रंग—

दोन्ही गेली. एकदम. म्हणाली होती एकेक! खोटारडी!

नोरीनने चहा आणला. ओढून दाराकडे न्यायला गेले, तर हात सोडवून घेतला. खिडकीतून बाहेर बघत राहिली, गवताकडे. म्हणाली, एवढी वर्षं या टोकाला आमची दोनच घरं, शेजारी अजून एखादं असतं तर बरं झालं असतं.

मी तिला नावं वाचून दाखवली. सगळी. ती म्हणाली, छान माणसं वाटतात, कुठली गं ही?

मेल: अजून थोडं अडखळतंय.

पाचवं घर बर्निस लॉट, सुईण. या बेटावरची निम्मी माणसं तिच्या हाताने—

गेलं.

सहावं. नोरीन हॅडलो, वय एकाहत्तर, डाव्या भुवईत व्रण, विहिरीच्या झाकणाचा, नवऱ्याला माफ केलं नाही. ती हसते मोठ्याने, मान मागे टाकून. आत्ता माझ्यासमोर बसली आहे, चहा ओततेय, कप गरम आहे. हे कुणी वाचत असेल तर ती होती, आत बाहेर पूर्ण होती, आणि तिच्याकडे राहायला आलेली मीही होते, जिलाँगची, माझं नाव